हललेला

गावाचं नाव हल,
आणि अठरा वर्षं झाली, मी इथून हललो नाही.
हा विनोद मी दरवर्षी करतो.
वृंदा दरवर्षी हसत नाही.

जुना कॅमेरा दिवाळीत गेला.
भिंग बाहेर आलं ते आत जाईना,
वाकुल्या दाखवणाऱ्या पोराची जीभ जशी.
दुरुस्तीला पासष्ट पौंड म्हणाले.
"त्यात थोडे घातले की नवा येईल," वृंदा म्हणाली
आणि गॅसच्या बिलाच्या पाकिटावर लिहिलं: नव्वद.
खाली दोन रेघा.
दोन रेघा म्हणजे विषय संपला.

शनिवारी ती दुकानात आलीच नाही.
"तू यंत्रं हुंगत बस. मी समोर बाकावर आहे."

कपाटात सात कॅमेरे, साबणाच्या वड्यांएवढे.
कॅलम नावाचा पोरगा, भुवईत बाळी,
मेगापिक्सेल असे सांगत होता
जसा मुलाकडचा मामा पगार सांगतो.
मी म्हटलं, बाबा रे, मला भिंतीएवढा फोटो नको.
साध्या पेन्सिल सेलवर चालतो का?
अंधारात कसा दिसतो?
इथे नोव्हेंबरात साडेतीनला दिवे लावावे लागतात.
आणि हात. माझा हात जरा हलतो.
कॅरव्हानच्या पत्र्यांना भोकं पाडून पाडून
ड्रिल बंद केलं तरी मनगटात चालूच राहतं.

त्यानं वरच्या फळीवरचा काढला. दहापट झूम.
"हात हलला तरी चित्र हलत नाही."
एकशे एकोणचाळीस.
"बघायला काय पैसे पडतात?"
भाषा त्याची, सूर मात्र आपल्या बोहारणीचा.

काचेतून रस्त्यावर धरला.
सायीच्या रंगाची टेलिफोनपेटी, इथे लाल नसतात.
तिच्यावर सीगल, त्याच्या डोळ्यातली पिवळी कड.
मग बाक.

मांडीवर चिप्सचा कागद.
वृंदेनं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.
पर्समधून स्टीलची डबी काढली, जवसाची चटणी,
आणि चिमटीनं भुरभुरली, अंगाऱ्यासारखी.

हीच बाई.
लीड्सच्या गाडीत मी ठेच्याचं झाकण उघडलं
तेव्हा हिनंच कोपर मारलं होतं बरगडीत:
लोक वास घेतात.

बोट चाटलं तिनं. डोळे मिटले.
खांदे सावकाश खाली आले,
कुणी दोन पिशव्या हातातून काढून घ्याव्यात तसे.
आमच्या सगळ्या अल्बमांत ती श्वास रोखून उभी आहे,
पासपोर्टच्या खिडकीसमोर असावी तशी.
हा चेहरा कुठल्याच पानावर नाही.

मी बटण दाबलं.
खरंच, चित्र हललं नव्हतं.
ओठाच्या कोपऱ्यात लागलेली चटणीसुद्धा दिसत होती.

"घेताय?"
नव्वद. एकोणपन्नास वर. दोन रेघा.
राखाडी घेतला, चौऱ्याऐंशीचा,
चौपट झूम, पेन्सिल सेल, वर कापडी पिशवी फुकट.
"त्यातला फोटो पुसू का?" कॅलमनं विचारलं.
राहू दे, म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.
सोमवारी कुणी तरी तो कॅमेरा उचलून चाळेल,
आणि त्याला भेटेल एक अनोळखी बाई,
डोळे मिटलेली, पोटभर सुखी.

बाहेर आलो. उरलेला झूम पायांनी चाललो.
तिनं मला पाहिलं. डबी पर्समध्ये,
केस कानामागे, श्वास आत.
"कितीला पडला?"
"चौऱ्याऐंशी."
"म्हणजे सहा वाचले!" आणि फसकन हसली.
तेवढ्यात मी दाबलं.

फोटो हलला.
माझा हात की ती, काही कळत नाही त्यात.
चिप्सचा कागद तिनं माझ्याकडे सरकवला.
बोटांना लाल काय लागतंय,
मी विचारलं नाही.